दुसऱ्याच्या मापाची सायकल

मंडळी, गेले तीन-चार विकांत इथे काही लिहिलं नाही, त्याबद्दल माफी असावी. कारण साधं आहे. मार्चमधल्या एका सोमवारी सकाळी नऊ वाजता पंधरा मिनिटांची एक मीटिंग अचानक कॅलेंडरवर उगवली, आणि सव्वानऊला अस्मादिकांच्या हाती नारळ होता. नेहमीचीच गोष्ट. एकट्या मलाच मिळाला असंही नाही, त्यामुळे रडगाणं गात नाही.

पण एच-वन-बी वाल्यांच्या नारळासोबत एक घड्याळही मिळतं. नोकरी सुटली की जास्तीत जास्त 60 दिवस. तेवढ्यात दुसरी नोकरी बघा, नाहीतर बॅगा भरा. मी दोन्ही कामं एकदम सुरू केली. पंधराव्या दिवशी कळलं की बॅगांचं काम जास्त वेगानं पुढे चाललंय :-) मग काय, एकेक वस्तू विकायला काढली. गाडी एका दिवसात गेली. टेबल, गादी, मॉनिटर चार दिवसांत. कुकर कुणी घेणार नाही असं वाटलं होतं, तो तर तासाभरात गेला (आंध्रचा एक मुलगा, दोन शिट्ट्या ऐकून खूश झाला). राहिली ती फक्त सायकल.

जाहिरात अशी होती: 'मापाबरहुकूम हातानं बनवलेली, स्टीलची सायक्लोक्रॉस सायकल. बनावट 2008. उत्तम स्थिती. 1200 डॉलर.'

पाच आठवड्यांत अकरा जणांनी विचारणा केली. गंमत म्हणजे प्रश्न पाचच होते, फिरून फिरून तेच. आणि प्रत्येक प्रश्नाचं खरं उत्तर द्यायचं तर पन्नास-शंभर वर्षं मागे जावं लागत होतं. गिऱ्हाइकाला तेवढा वेळ कुठला? म्हणून ती उत्तरं इथे लिहितोय.

आधी सायक्लोक्रॉस म्हणजे काय ते सांगतो. नमनाला घडाभर तेल जाईल, पण इलाज नाही.

लांबून बघितली तर ही सायकल रोडरेसिंगचीच वाटते. तेच मागे वळलेलं हँडल, तशीच सडपातळ फ्रेम. फक्त टायर जाडसर आणि नक्षीदार. शर्यत मात्र रस्त्यावर नसते. गवत, चिखल, वाळू, पायऱ्या असा अडीच ते साडेतीन किलोमीटरचा फेरा, आणि अशा फेऱ्या साधारण तासभर मारायच्या. मध्येच मुद्दाम लाकडी फळ्या आडव्या लावलेल्या असतात, 40 सेंटिमीटरपर्यंत उंच. तिथे पळत्या सायकलवरून उतरायचं, ती उचलायची, उडी मारायची, पुन्हा चढायचं. मोठा चढ आला की सायकल सरळ खांद्यावर टाकून धावायचं. मोसम थंडीतला. म्हणजे पाऊस, धुकं आणि घोटाभर चिखल ठरलेलाच.

हा उद्योग सुचला कुणाला? फ्रेंच आणि बेल्जियन लोकांना. 1900 च्या आसपास रस्त्यावरचे रेसर हिवाळ्यात अंगाला गंज चढू नये म्हणून शेतांतून, कुंपणांवरून सायकली घालायला लागले. दानिएल गूसो नावाचा एक फ्रेंच सैनिक घोडेस्वारांच्या जोडीनं जंगलातून सायकल मारायचा असं सांगतात. 1902 मध्ये फ्रान्सची पहिली राष्ट्रीय स्पर्धा त्यानंच भरवली. तरीही बरीच वर्षं हा वेडेपणाच समजला जायचा. मग 1910 मध्ये ऑक्ताव्ह लापीझनं टूर द फ्रान्स जिंकली आणि श्रेय हिवाळ्यातल्या सायक्लोक्रॉसला दिलं. झालं! सगळ्यांना अचानक चिखल आवडायला लागला. (लापीझ पुढे पहिल्या महायुद्धात लढाऊ विमानाचा पायलट झाला आणि 1917 मध्ये मारला गेला. त्या काळातल्या रेसर लोकांच्या गोष्टी वाचताना हे वाक्य फार वेळा येतं.) 1924 मध्ये पॅरिसला आंतरराष्ट्रीय शर्यत सुरू झाली. 1950 मध्ये पॅरिसलाच पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली, आणि ती जिंकली जाँ रोबिकनं. 1947 ची टूर जिंकणारा तोच.

तर पहिला प्रश्न.

बाटली कुठे लावायची?

अकरांपैकी सात जणांनी हेच विचारलं. फ्रेमवर बाटली अडकवायला जागाच नाही, ना खालच्या नळीवर, ना सीटच्या नळीवर. एकानं तर 'बनवणारा विसरला का?' असंही विचारलं.

विसरला नाही हो. शर्यत तासाभराची, त्यात पाणी पिणार कधी? आणि सायकल खांद्यावर घ्यायची म्हणजे फ्रेमच्या त्रिकोणातून हात घालायचा. तिथे बाटली असेल तर कोपर आपटणार. म्हणून त्रिकोण मोकळा. त्याच कारणानं ब्रेक-गिअरच्या केबली दांडीच्या खालून न नेता वरून नेल्या आहेत. खालून असत्या तर खांद्यात रुतल्या असत्या आणि चिखलानं भरल्या असत्या. माझ्या सायकलची दांडी खालच्या अंगाला किंचित चपटी केली आहे, खांद्यावर नीट बसावी म्हणून. हे बोट फिरवल्याशिवाय कळत नाही. फोटोत तर अजिबात नाही.

अजून एक. पायडलचा आस या सायकलीत जरा उंचावर आहे. पूर्वी पायडलला पावलं अडकवायला चामडी पट्ट्यांचे पिंजरे असत. उतरून परत चढताना पिंजरा उलटा होऊन खाली लोंबायचा आणि जमिनीला घासायचा. म्हणून क्रॉसच्या सायकली उंच केल्या. 1990 मध्ये शिमानोनं चिखलात चालणारी खटक्याची पायडलं आणली, पिंजरे गेले, हळूहळू नव्या फ्रेम खाली आल्या. माझी मात्र जुन्या वळणाच्या माणसानं बनवलेली, तिनं उंची सोडली नाही. आपल्या कोडमध्ये असतं ना, 'हे काढू नका, कशाला आहे माहीत नाही, पण काढलं की बिल्ड तुटतो', तसं काहीसं.

डिस्क ब्रेक नाहीत?

नाहीत. कँटिलिव्हर आहेत. रस्त्याच्या सायकलचा ब्रेक चाकाला वरून चिमटीत धरतो. चाक आणि ब्रेक यांच्यात फट एवढीशी, चिखल अडकला की चाक जाम. कँटिलिव्हरचे दोन हात चिमट्याच्या दोन पायांवर वेगवेगळे बसवलेले असतात, मध्ये भरपूर मोकळी जागा. चिखल येतो आणि निघून जातो. किती तरी दशकं क्रॉसवाल्यांना दुसरा पर्यायच नव्हता. ते धड थांबवतात असं मात्र नाही :-) ओल्या रिमवर आधी किंचाळतात, मग विचार करतात, मग थांबवतात.

डिस्क ब्रेक माउंटन बाइकवर कधीचे आले होते, पण यूसीआय या सायकलिंगच्या जागतिक संघटनेनं क्रॉसच्या शर्यतींत त्यांना बंदी घातली होती. ती बंदी उठली 2010 मध्ये. म्हणजे माझी सायकल बनली त्यानंतर दोनच वर्षांनी!

आता बघा, नियमाची एक ओळ बदलली. पण डिस्कसाठी चिमटा वेगळा लागतो, मागची फ्रेम वेगळी, हब वेगळा, चाकाचा आस वेगळा. जुनी चाकं नव्या फ्रेममध्ये जात नाहीत, नवी जुन्यात जात नाहीत. बॅकवर्ड कंपॅटिबिलिटी शून्य. 2008 ची उत्तम सायकल जराही न झिजता जुनी झाली. काकानं (काका कोण, ते पुढे येईलच) ती 2010 मध्ये विकली असती तर चांगले पैसे आले असते. त्यानं ती चालवली. माझ्या मते शहाणपणाचंच केलं.

40 चे टायर बसतात का?

हा प्रश्न विचारणाऱ्याला खरं तर सायक्लोक्रॉस नको असतं, ग्रॅव्हल बाइक हवी असते. यूसीआयच्या क्रॉस शर्यतीत टायर 33 मिलिमीटरपेक्षा रुंद चालत नाही. माझ्या फ्रेममध्ये 35 कसाबसा जाईल.

अमेरिकेत शेताडीतले खडीचे रस्ते अमाप. कॅन्ससमधल्या एम्पोरिया गावी 2006 मध्ये 200 मैलांची एक शर्यत सुरू झाली. आज तिचं नाव अनबाउंड ग्रॅव्हल. सुरुवातीला असल्या शर्यतींना लोक जी हाताशी असेल ती सायकल घेऊन जायचे, आणि हाताशी बहुधा क्रॉसचीच असायची. सायक्लोक्रॉस म्हणजे तेव्हा 'काहीही करणारी' सायकल होती. ऑफिसला जा, मडगार्ड लावा, रविवारी रेस मारा. ती खपायची ती या ऑलराउंडरपणावर.

मग 2010 च्या दशकात कंपन्यांनी खास खडीसाठी सायकली काढल्या. लांबट, जमिनीला जवळ, स्थिर, रुंद टायरच्या, जागोजागी बाटल्या. ज्यांना शर्यत मारायचीच नव्हती ते सगळे तिकडे गेले, आणि क्रॉसच्या सायकलीकडे उरले फक्त क्रॉसवाले. 2022 मध्ये यूसीआयनं ग्रॅव्हलचीही जागतिक स्पर्धा सुरू केली, इटलीत. पुरुषांत पहिला कोण आला? जियानी व्हर्मीर्श. बेल्जियमचा, क्रॉसमध्ये वाढलेला :-) माणसं इकडची तिकडे सहज जातात. सायकली जात नाहीत.

क्रॉस संपलं असं मात्र समजू नका. बेल्जियममध्ये हिवाळ्यातल्या रविवारी हा टीव्हीवरचा खेळ आहे. एरिक दे व्लामिंकनं 1966 ते 1973 या काळात सात वेळा जागतिक अजिंक्यपद मिळवलं होतं. त्या विक्रमाला कुणी हात लावेल असं वाटत नव्हतं, तर 2025 मध्ये माथ्यू व्हॅन डर पूलनं सातवं पद मिळवून बरोबरी केली. बायकांची जागतिक स्पर्धा सुरू व्हायला मात्र 2000 साल उजाडावं लागलं, आणि मारियाना व्होसनं पुढे आठ पदं जिंकली. 2013 मध्ये ही स्पर्धा पहिल्यांदाच युरोपबाहेर आली, अमेरिकेत केंटकीच्या लुईव्हिलला. ओहायो नदीला पूर येणार म्हणून दोन दिवसांच्या शर्यती एका दिवसात उरकल्या. बातमी वाचली तेव्हा मला आमच्या गल्लीतल्या टेनिसबॉल क्रिकेटच्या फायनली आठवल्या. अंधार पडायच्या आत उरका!

आणि आम्ही राहतो (राहत होतो म्हणायला हवं) त्या पोर्टलंडच्या परिसरात तर हा सणच. 1993 पासून इथे क्रॉस क्रुसेड नावाची मालिका चालते. ऑक्टोबरचा रविवार, रिपरिप पाऊस, कडेला गायीच्या गळ्यातल्या घंटा वाजवणारे लोक, गंभीर रेसर आणि शार्कचा पोशाख घातलेला माणूस एकाच चिखलात. 2022 मध्ये माझ्या पहिल्या शर्यतीत तो शार्क माझ्या पुढे आला. असो.

ही तुझीच कशावरून?

हा प्रश्न ऐकून आधी डोकं सटकलं. मग पटलं. सायकलचोरी इथे इतकी आहे की शहाणा माणूस विचारणारच. त्यातून दांडीवर बारीक अक्षरांत नाव रंगवलेलं, आणि ते माझं नाही!

सायकल कुणाची, या प्रश्नावर क्रॉसच्या इतिहासातलं सगळ्यात गाजलेलं प्रकरण उभं आहे. जानेवारी 2016, बेल्जियममधलं झोल्डर, जागतिक स्पर्धा. 23 वर्षांखालच्या मुलींच्या शर्यतीत फेम्के व्हॅन डेन ड्रिशे हिच्या एका सायकलीत यूसीआयला लपवलेली मोटर सापडली. वरिष्ठ पातळीवर असं प्रकरण उघडकीला येण्याची ही पहिलीच वेळ. तिचं म्हणणं होतं की ती सायकल तिची नाहीच. आधीच्या वर्षी ती तिनं एका मित्राला विकली होती आणि मेकॅनिकनं चुकून तिच्या सायकलींत आणून ठेवली. यूसीआयला ते पटलं नाही. सहा वर्षांची बंदी आणि 20 हजार स्विस फ्रँकचा दंड झाला. बचावात बचाव म्हणजे 'विकलेली सायकल'. मोटारला आरसी बुक असतं, जमिनीला सात-बारा असतो. सायकलला काय असतं?

माझ्याकडे होतं. एक जाड पिवळट कार्ड. सायकल बनवणाऱ्या माणसानं 2008 मध्ये पेन्सिलनं लिहिलेली मापं: पायाची आतली लांबी, धड, हात, खांद्याची रुंदी. त्याखाली फ्रेमच्या नळ्यांची लांबी आणि कोन. वर काकाचं नाव. तेच दांडीवर आहे.

काका म्हणजे आमच्या आधीच्या टीममधला फर्मवेअरचा म्हातारा. साठी ओलांडलेला गोरा. मी मनात काका म्हणायचो, तोंडावर अर्थातच नावानं. 2008 मध्ये पोर्टलंडला हातानं बनवलेल्या सायकलींचं मोठं प्रदर्शन भरलं होतं (उत्तर अमेरिकेतलं हे प्रदर्शन 2005 मध्ये ह्यूस्टनला सुरू झालं). तिथे फिरून आल्यावर त्यानं शहरातल्याच एका कारागिराकडे ऑर्डर दिली. नुसत्या फ्रेम आणि चिमट्याला दोन हजारांच्या वर, सगळी मिळून चार हजारांच्या घरात. चौदा वर्षं चालवली. मग खुबा बदलावा लागला, आणि पळत्या सायकलवर उडी मारून चढणं संपलं. 2022 मध्ये त्यानं ती मला 900 ला दिली. अट एकच: दर मोसमात निदान एक शर्यत. ती मी पाळली. तिन्ही मोसम. शार्कलाही नंतर मागे टाकलं.

आणि आता मी तीच 1200 ला विकायला काढली होती. काकाला न सांगता.

लिहिताना बरं वाटत नाहीये, पण खरं ते खरं. भाडं भरायचं होतं, परतीचं तिकीट काढायचं होतं. 'हातानं बनवलेली' या शब्दाचे 300 डॉलर जास्त येतील असा माझा हिशेब. आले नाहीत. त्याचं उत्तर शेवटच्या प्रश्नात.

माझी उंची अमुक, मला बसेल का?

मापानं फ्रेम बनवणं ही काही श्रीमंती हौस नव्हती, एके काळी तोच रेसरचा धंदा होता. नळीचं शास्त्र इंग्रजांचं. टोकांना जाड आणि मध्ये पातळ नळी काढायचं पेटंट बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्सचं, 1897 मधलं. जोड तिथे ताकद, बाकी वजन कमी. 1935 मधली त्यांची 531 नळी पुढची कित्येक वर्षं रेसरची लाडकी होती. आणि कारागिरी इटलीत बहरली. मिलानला विगोरेली सायकल ट्रॅकच्या पोटात फालिएरो मासीचं दुकान होतं. रेसर यायचा, माप द्यायचा, फ्रेम घेऊन जायचा. एडी मर्क्सनं 1972 मध्ये मेक्सिको सिटीत एका तासात 49.431 किलोमीटर कापले, ती साधारण पावणेसहा किलोची सायकल एर्नेस्तो कोल्नागोनं घडवली होती. शिंप्याकडे जावं तसं हे लोक फ्रेमवाल्याकडे जायचे.

मग दोन गोष्टी झाल्या. 1990 च्या दशकाच्या अखेरीस तैवानच्या जायंट कंपनीनं माइक बरोज या इंग्रज डिझायनरची एक सायकल आणली. तिची दांडी मागे उतरती. त्यामुळे सीटची नळी लांब-आखूड करून एकाच फ्रेमवर बरीच माणसं बसवता यायची. डझनभर मापांऐवजी लहान, मध्यम, मोठं. शर्टासारखं. आणि दुसरं, कार्बन फायबर. कार्बनची फ्रेम साच्यातून निघते, साचा महाग, म्हणून मापं मोजकी. परिणाम असा की आज टूरमध्ये पळणारा रेसर कंपनीच्या ठरलेल्या मापाची सायकल चालवतो, आणि मापानं बनवून घेतो तो आमच्या काकासारखा फर्मवेअरवाला. सगळं उलटं झालं!

आता विक्रीचं गणित बघा. काकानं जे जास्तीचे पैसे मोजले ते त्याच्या पायाच्या, धडाच्या, हाताच्या मापाचे. ते माप दुसऱ्याच्या काय कामाचं? उलट अडचणच. दुकानातल्या 56 नंबरच्या सायकलीत कोण बसेल ते सगळ्यांना माहीत असतं. माझ्या सायकलीत नक्की बसेल असा माणूस जगात एकच, आणि त्याचा खुबा धातूचा. 'मापाबरहुकूम' हा जाहिरातीतला पहिला शब्द मी किंमत वाढवायला लिहिला होता, आणि गिऱ्हाइकं तोच वाचून पळत होती.

पाचव्या आठवड्यात पुण्याला फोनवर बाबांना हे सांगत होतो. ते म्हणाले, "अरे, पण फ्रेम किती इंची?" मी म्हटलं, "अहो बाबा, तसं नसतं इथे." "इकडे तर तसंच होतं. 22 नाहीतर 24. तुझे आजोबा पाच फूट तीन इंच, त्यांना 24 मिळाली. मिळाली ती घेतली. जन्मभर ऑफिसला गेले तिच्यावर. मी तिच्यावरच शिकलो, दांडीखालून पाय घालून, हाफ पायडल. मग दांडीवर, मग सीटवर. मापाचं काय घेऊन बसलास?"

फोन ठेवल्यावर सायकलकडे बघत बसलो. मी काकापेक्षा दोन इंचांनी बुटका. सायकल घेतली तेव्हा पहिल्याच दिवशी हँडलचा स्टेम बदलून दिला होता त्यानं, 120 चा काढून 100 चा. सीट खाली घेतली. महिनाभर पाठ कुरकुरली, मग थांबली. तीन वर्षं मीही हाफ पायडलच मारत होतो की! दुसऱ्याच्या मापात बसायची आपल्याला पिढीजात सवय आहे, आणि त्याचं वाईट वाटून घ्यायचं कारण नाही.

त्याच रात्री काकाला फोन केला आणि किमतीसकट सगळं सांगितलं. पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाला, "जाहिरात मी पहिल्याच दिवशी पाहिली. स्टेमची लांबी लिहिली नाहीयेस तू. ती लिही." एवढंच.

जाहिरात बदलली. 'एका उंच माणसासाठी 2008 मध्ये बनवलेली. नंतर पाच फूट नऊ इंचाच्या माणसानं 100 च्या स्टेमवर तीन मोसम शर्यती मारल्या. कँटिलिव्हर ब्रेक, किंचाळतात. बाटलीला जागा नाही. 33 चे टायर. 700 डॉलर. शर्यत मारणाऱ्याला प्राधान्य.'

दोन दिवसांत एक मुलगी आली. माध्यमिक शाळेत शिकवते, गेल्या मोसमात मैत्रिणीची सायकल उसनी घेऊन पहिल्यांदा उतरली होती. तिनं पाचांपैकी एकही प्रश्न विचारला नाही. सायकल उचलून खांद्यावर टाकली, दांडीखाली बोट फिरवलं आणि म्हणाली, "चपटी केलीये!" माझी खात्री पटली. उंचीनं ती माझ्याहून कमी. 80 चा स्टेम लावावा लागेल म्हणाली, तिच्याकडे पडलेला आहे. मी 120 आणि 100 असे दोन्ही बरोबर बांधून दिले, आणि ते पिवळं कार्ड. काकाचं नाव दांडीवरून घालवणार का, असं विचारलं. "कशाला? मग ही कुणाची ते कसं कळणार?" म्हणाली.

पैसे मोजून घेतले. 900 ला घेऊन 700 ला विकली. तीन मोसमांचे 200. शार्क धरून स्वस्तच पडली.

परतीचं तिकीट बारा दिवसांनंतरचं आहे. आजोबांची 24 इंची अजून माळ्यावर आहे म्हणे, चेन गेली आहे आणि चिमटा जरा वाकला आहे. पोचलो की बघतो.

पुढचा लेख पुण्याहून. तोवर रामराम.